ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं? पहिल्यांदा हायवेला गाडी काढणाऱ्यांसाठी

लायसन्स हातात आलं, गावातल्या रस्त्यांवर महिना-दोन महिन्यांत हात बसला आणि आता पहिल्यांदाच गाडी हायवेला काढायची आहे. पुण्याहून साताऱ्याला म्हणा, नाहीतर ठाण्याहून नाशिकला. हा लेख तुमच्यासाठी आहे. गावात पुढच्या गाडीपासून एखाद-दीड गाडीची जागा सोडून आपण चालतो, कारण वेगच वीस-तीसचा असतो. हायवेवर तीच सवय घेऊन माणूस ऐंशीच्या वेगाने कंटेनरच्या पाठीला चिकटतो. नव्या चालकाच्या चुकांमध्ये मला ही सगळ्यात गंभीर वाटते. चुकीचा गियर पडला तर गाडी कुरकुरते, फार तर बंद पडते. इथे मात्र चूक सुधारायला वेळच मिळत नाही.

यावर एक मुद्दा हमखास ऐकायला मिळतो: ट्रक जड, त्याला थांबायला आपल्यापेक्षा जास्त जागा लागते, आपल्या कारचे ब्रेक चांगले, मग जरा जवळ असलो तर काय बिघडलं? ट्रक दरवेळी ब्रेक लावूनच थांबत असता तर हे पटलं असतं. पण तो पुढच्या गाडीवर आदळूनही थांबतो, आणि तेव्हा क्षणात थांबतो. त्याहून वाईट म्हणजे कधी तो थांबतच नाही. उंच केबिनमधून त्याला पुढे बंद पडलेला ट्रेलर दिसतो, तो शेवटच्या क्षणी लेन बदलून निघून जातो आणि तुमच्यासमोर तो ट्रेलर उघडा पडतो. त्या ट्रेलरचा वेग शून्य असतो आणि तुमचा ऐंशी. म्हणून ट्रकच्या मागचं अंतर जेवढं ब्रेकसाठी, तेवढंच बघण्यासाठी असतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी ट्रकच्या केबिनमधून बघा

माझे मामा बावीस वर्षं दहाचाकी चालवायचे. मी कार शिकत होतो तेव्हा त्यांनी मला एका दुपारी कराडजवळच्या ढाब्यावर त्यांच्या सीटवर बसवलं आणि मामेभावाला स्कूटर घेऊन ट्रकच्या मागे उभं राहायला सांगितलं. "दिसतोय का रं?" मी दोन्ही आरसे बघितले. कुणीच नव्हतं. मग त्यांनी त्याला एकेक पाऊल मागे सरकायला लावलं. बराच मागे गेल्यावर डाव्या आरशात त्याचा खांदा दिसला, आणखी मागे गेल्यावर तो पूर्ण दिसला. कारला मधला आरसा असतो, ट्रकच्या पाठीला हौदा असतो; मधून मागे बघायची सोयच नाही. "मला दिसत न्हाई, तर माझ्या हिशोबात तू न्हाईसच," मामा म्हणाले.

म्हणून पहिली तपासणी अगदी सोपी. पुढच्या ट्रकचे बाजूचे आरसे तुम्हाला दिसत आहेत का? दिसत नसतील, तर ट्रकचालकालाही तुम्ही दिसत नाही. आपोआप पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि दोन्ही आरसे दिसेपर्यंत मागे राहायचं. पण ही फक्त सुरुवात. आरसे दिसले म्हणजे अंतर पुरेसं झालं असं नाही.

मीटरमध्ये नाही, सेकंदात मोजा

चालत्या गाडीतून साठ मीटर की नव्वद मीटर, हे कुणालाच अचूक सांगता येत नाही. वेळ मात्र कुणीही मोजू शकतं. रस्त्याच्या कडेची एखादी स्थिर खूण निवडा: किलोमीटरचा दगड, दिशादर्शक फलक, पुलाची सुरुवात, झाडाची सावली. ट्रकची मागची बाजू त्या खुणेवरून गेली की मोजायला लागा: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, एक हजार चार. नुसतं 'एक, दोन, तीन' म्हणू नका, घाईत ते दीड सेकंदात संपतं. "चार" म्हणून पूर्ण व्हायच्या आत तुमचं बोनेट त्या खुणेवर पोचलं, तर तुम्ही जवळ आहात.

कारच्या मागे कोरड्या रस्त्यावर तीन सेकंद चालतात. ट्रक, बस, टँकर, कंटेनर यांच्या मागे चार. पाऊस असेल, रात्र असेल किंवा घाटाचा उतार असेल तर सहा.

चारच का? हिशोब करून बघा. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पुढे काहीतरी घडलंय हे डोळ्यांनी टिपून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जागा माणूसही एक ते दीड सेकंद घेतो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३० मीटर गेले. त्यानंतर चांगल्या टायरांवर, कोरड्या डांबरावर, पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला तरी आणखी ३५-४० मीटर लागतात. एकूण ७० च्या आसपास. चार सेकंद म्हणजे जवळपास ९० मीटर. तेव्हा ट्रकच्या पुढून अचानक उभं वाहन निघालं तरी तुम्ही थांबू शकता, आणि वर थोडी जागा उरते. १०० च्या वेगाला थांबायला कोरड्यात १०० मीटरच्या घरात जागा लागते आणि चार सेकंद म्हणजे ११० मीटर. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर दीड-दोन पट होतं, म्हणून पावसात सहा सेकंद.

बऱ्याच रस्त्यांवर किलोमीटरच्या दगडांमध्ये दर २०० मीटरला २, ४, ६, ८ असे छोटे दगड असतात. ८० च्या वेगाने दोन दगडांमध्ये नऊ सेकंद जातात; म्हणजे अशा दोन दगडांमधल्या जागेच्या जवळपास निम्मं अंतर तुमच्या आणि ट्रकच्या मध्ये हवं. पहिल्यांदा हे अंतर फारच मोठं वाटतं. एवढी जागा सोडायची? हो, एवढीच.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन (वाहनचालन) विनियम, २०१७ प्रमाणे पुढचं वाहन अचानक थांबलं तरी आपल्याला सुरक्षित थांबता येईल इतकं अंतर ठेवणं ही मागच्या चालकाची जबाबदारी आहे. त्यामुळे "त्याने एकदम ब्रेक मारला" हे सांगून फारसं काही साधत नाही.

मध्ये कोणी घुसलं तर?

घुसणारच. एवढी जागा दिसली की कुणीतरी कार टाकतोच, आणि नवा चालक इथेच हरतो. त्याला वाटतं, जागा ठेवली की लोक फायदा घेतात, म्हणून तो परत चिकटून चालवायला लागतो. तुम्ही पाय थोडा उचला, वेग चार-पाचने उतरू द्या, अंतर पुन्हा तयार होईल. एक गाडी मध्ये आली आणि तुम्ही पुन्हा मागे सरकलात की तुमचे तीन-चार सेकंद जातात. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत वीस गाड्या मध्ये घुसल्या तरी दीड मिनिटाच्या वर उशीर होत नाही. मी हा हिशोब मांडला आणि त्या दिवसापासून घुसणाऱ्यांवर चिडणं सोडून दिलं.

मागून कुणी हॉर्न वाजवत बसला असेल तर त्याच्यासाठी पुढचं अंतर कमी करू नका. उलट थोडं वाढवा, म्हणजे तुम्हाला ब्रेक हळू लावता येईल आणि मागच्यालाही वेळ मिळेल. संधी मिळताच त्याला पुढे जाऊ द्या.

ट्रकच्या पाठीवर काय वाचायचं

ट्रकचे ब्रेकलाइट पेटतील आणि मग मी ब्रेक मारीन, या भरवशावर राहू नका. एक तर अनेक ट्रकांचे मागचे दिवे चिखलाने झाकलेले किंवा गेलेले असतात. दुसरं म्हणजे दिवे ठीक असले तरी ट्रकचा वेग ब्रेकशिवायही उतरतो. चढावर गियर उतरवताना तो एकदम मंदावतो, आणि उतारावर चालक खालचा गियर किंवा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग उतरवणारा) वापरतो. या दोन्ही वेळी ब्रेकच्या पेडलवर पाय नसतो, त्यामुळे लाल दिवा पेटेलच असं नाही. म्हणून ट्रकचा आकार मोठा होतोय का, याकडे लक्ष ठेवा. आकार वाढतोय म्हणजे तुम्ही जवळ जाताय.

पाठीमागचा लोखंडी बंपरही बघा. कार मागून आत घुसू नये म्हणून तो लावलेला असतो, पण अनेक गाड्यांचा वाकलेला, उंच बसवलेला किंवा गायबच असतो. तसं असेल तर धडकेत कारचं बोनेट हौद्याखाली जातं आणि हौद्याची कडा थेट काचेवर, माणसांच्या डोक्याच्या उंचीला येते. कारची समोरची धडक सोसण्याची मुख्य रचना बोनेटच्या पट्ट्यात असते. ती कामाला येण्याआधीच हौदा आत आलेला असतो. एअरबॅग आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

मालाकडेही नजर टाका. सळया बाहेर आल्यात का, ताडपत्री फडफडतेय का, वाळूतून पाणी गळतंय का, खडीचे दाणे उडतायत का. यातलं काहीही दिसलं तर चार सेकंदांचे सहा करा किंवा सुरक्षितपणे पुढे निघून जा. टायरकडे बघायची सवयही लावून घ्या. मागच्या चाकांचा रबर सुटून लोंबत असेल तर तो पट्टा केव्हाही निघून तुमच्या काचेवर येऊ शकतो.

आता इंडिकेटर. आपल्याकडे ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला तर त्याचे दोन अर्थ होतात: 'मी उजवीकडे येतोय' किंवा 'रस्ता मोकळा आहे, तू उजवीकडून काढ.' कुठला अर्थ घ्यायचा हे नव्या माणसाला कळत नाही आणि जुन्यालाही दरवेळी कळतंच असं नाही. क्लीनरने हात दाखवला तरी तेच. तुमच्या डोळ्यांना रस्ता मोकळा दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या इशाऱ्यावर गाडी बाहेर काढू नका.

ओव्हरटेक लांबूनच सुरू होतो

पुढे जायचं म्हणून आधी जवळ जायचं, ही सवय उलटी आहे. ट्रकला चिकटल्यावर पुढचं बघायला अख्खी गाडी समोरच्या लेनमध्ये काढावी लागते. चार सेकंद मागे असलात तर गाडी आपल्याच लेनमध्ये जरा उजव्या अंगाला घेतली तरी पुढचा रस्ता दिसतो. डावं वळण असेल तर ट्रकच्या डाव्या बाजूनेही बरंच कळतं. कोकणातल्या दुपदरी रस्त्यांवर, वळणांमागे वळणं असतात तिथे, हा फरक फार मोठा आहे.

क्रम असा ठेवा. मागून कुणी येत नाही ना, हे आरशात आणि मान वळवून बघा. इंडिकेटर द्या. रात्री असेल तर एकदा डिपर, दिवसा हॉर्नची एक हाक. लांबूनच वेग घ्यायला लागा, म्हणजे ट्रकच्या बरोबरीला येईपर्यंत तुमचा वेग त्याच्यापेक्षा वीसेक किलोमीटरने जास्त असेल. बाजूने जाताना रेंगाळू नका. पुढे गेल्यावर आतल्या आरशात ट्रकचं पूर्ण तोंड, दोन्ही हेडलाइट, दिसल्यावरच डावीकडे या. ट्रकच्या नाकासमोर गाडी टाकून ब्रेक मारणं म्हणजे त्याने तुमच्यासाठी राखलेलं अंतर हिरावून घेणं आहे, आणि त्याला थांबायला तुमच्यापेक्षा बरीच जास्त जागा लागते.

डावीकडून काढायचा मोह मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर फार होतो, कारण अवजड वाहनं डावी लेन सोडून मधल्या, कधी उजव्या लेनमध्येही चालत असतात. पण आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो. डावी बाजू त्याला सगळ्यात कमी दिसते. तिथे तुम्ही असताना तो डावीकडे आला तर चूक कुणाची, हा प्रश्न नंतरचा. हेडलाइटची एकदा उघडझाप करून वाट बघा. बहुतेक चालक जागा देतात.

घाट आणि उतार

चढावर ट्रक थांबला तर तो पुन्हा निघताना थोडा मागे सरकतो. भरलेला असेल तर हातभरही सरकेल, कधी त्याहून जास्त. त्याच्या मागे थांबताना निदान दोन गाड्यांची जागा सोडा. त्याची मागची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा तुमच्या बोनेटवरून स्पष्ट दिसली पाहिजे, आणि त्यापुढेही बरीच जागा हवी. बाजूने निघून जायला वाट राहील असं थांबलात तर उत्तम. खंबाटकीत चढाच्या बाजूला ट्रक बंद पडला की मागे चिकटलेल्या गाड्या तासभर अडकतात, आणि जागा सोडून थांबलेले वळसा घालून निघून जातात.

उतारावर मात्र पुढच्यापेक्षा मागच्या ट्रकची काळजी जास्त. बोरघाटात, कसाऱ्यात, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर, लांबच लांब ब्रेक दाबून ट्रकचे लायनर तापतात आणि पकड सुटते. जळकट वास आला, चाकांतून धूर दिसला किंवा मागचा ट्रक सारखा हॉर्न देत येत असेल, तर त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. दोन ट्रकांच्या मधल्या पोकळीत उतारभर चालत राहू नका. पुढे अंतर ठेवून एकाला जाऊ द्या किंवा योग्य जागा बघून तुम्ही पुढे व्हा. स्वतः मात्र न्यूट्रलमध्ये उतरू नका; दुसरा-तिसरा गियर ठेवा. द्रुतगती मार्गावर सपाटीला कारला १०० ची मर्यादा आहे ती घाटात ६० होते, याचं कारण तिथे एकदा उतरलात की कळतं.

रात्र, समृद्धी आणि उभे ट्रक

रात्री सेकंद मोजूनही भागत नाही, कारण बऱ्याचदा मोजायला पुढे चालणारा ट्रक नसतोच, उभा असतो. नियमाप्रमाणे मोठ्या गाड्यांना मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकपट्टी लागते. धुळीने ती मंद झालेली किंवा उखडलेली असेल तर अंधारात मागची बाजू काळ्या भिंतीसारखी असते. एकच टेललाइट चालू असेल तर ट्रक दुचाकीसारखा भासतो, आणि आपण त्याच्या 'बाजूने' जायला निघतो.

लो बीमवर साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंतच नीट दिसतं. १०० च्या वेगाला थांबायला त्याच्या जवळपास दुप्पट जागा लागते. म्हणजे लो बीमवर शंभरने जाणारा माणूस दिसत नाही तिथे गाडी नेतोय. समोरून कुणी नसेल तर हाय बीम, कुणी असेल तर लो बीम आणि वेग ७० च्या आत.

समृद्धी महामार्गाबद्दल वेगळं सांगायला हवं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मर्यादा, ट्रकला ८०. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता. समोरचा लाल ठिपका बराच वेळ लांबच वाटतो आणि मग एकदम अंगावर येतो, कारण तुमच्यात आणि त्याच्यात सेकंदाला ११ मीटरचा फरक असतो. ट्रक उभा असेल तर ३३ मीटरचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ प्रवाशांची एक गाडी मध्यरात्रीनंतर ट्रकच्या मागच्या बाजूवर आदळली आणि १२ जण गेले. त्याआधीच्या वर्षी, १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे, शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर असाच ट्रकला मागून धडकून मृत्यू झाला. या दोन्ही घटनांच्या वेळा बघा. मध्यरात्र ते पहाट या वेळेत नव्या चालकाने हायवेवर असूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नाला पोचायचं असेल तर आदल्या संध्याकाळी निघा.

गाडीत आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल असेल तर तो मदतनीस समजा. रस्त्यात उभं असलेलं वाहन त्याला ओळखता येईलच असं नाही, हे गाडीच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं.

उसाच्या ट्रॉल्या आणि दुचाकीवाले

दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. ऊस दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर, मागे दिवा नाही, वेग पंधरा-वीस. संध्याकाळच्या संधिप्रकाशात त्या रस्त्याच्याच रंगाच्या होतात. कारखान्याचा फलक दिसला किंवा रस्त्यावर उसाची चिपाडं पडलेली दिसली, की पुढे ट्रॉली आहे असं धरूनच चाला.

दुचाकी असेल तर ट्रकच्या मागे चार सेकंद हे कमीत कमी. ट्रकची चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी जातात आणि खड्डा मधून, तुमच्या पुढच्या चाकासमोर बाहेर येतो. बरोबर मध्ये चालण्याऐवजी ट्रकच्या उजव्या चाकाच्या रेषेत चाला. तिथून चालकाला दिसताही आणि खड्डाही आधी दिसतो. ओव्हरटेक करताना ट्रकच्या पुढे निघालात की वाऱ्याचा धक्का बसतो, हँडल घट्ट धरा.

सराव असा करा

आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी उजाडल्यावर, तुम्हाला माहीत असलेल्या चौपदरी रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर जा. शेजारी कुणीतरी बसवा आणि मोजायचं काम त्याला द्या. तुम्ही फक्त वेग सांभाळा. साठ-सत्तरच्या वेगाने एकच ट्रक निवडा आणि ओव्हरटेक न करता पंधरा मिनिटं त्याच्या मागे चार सेकंदांवर राहा. कंटाळा येईल, पण तेवढ्या वेळात ट्रक चढावर कसा मंदावतो, खड्डा कसा चुकवतो, मध्ये गाड्या कशा येतात, हे सगळं दिसतं. परतीच्या वाटेवर स्वतः मोजा, मोठ्याने. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत आकडे म्हणायची गरज उरत नाही. अंतर कमी झालं की पाय आधी उचलला जातो.

त्या सरावातच एक ब्रेकही मारून बघा. मागे-पुढे कुणी नाही अशा मोकळ्या जागी, साठच्या वेगाला, पूर्ण ताकदीने. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय) असेल तर पेडल पायाखाली थरथरेल. घाबरून पाय काढायचा नाही, दाबूनच ठेवायचा. अनेकांनी आयुष्यात कधी पूर्ण ब्रेक दाबलेलाच नसतो आणि पहिली वेळ ट्रकच्या मागे येते.

गाडी बंद पडली तर डाव्या कडेला, शक्य तितकी बाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा, धोक्याचा लाल त्रिकोण मागे लांब ठेवा आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि कुठूनही ११२. हे तीन आकडे फोनमध्ये नाही, डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. शेजारी बसलेल्यालाही ते दिसले पाहिजेत.